सॅमन वाचवायचा तर आधी खडी बघा

मुंबईच्या बाजारात रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून खपतो. खपू दे, दोघांचीही चव आपापल्या जागी चांगली. पण रावस सॅमनच्या कुळातला नाही. सॅमन गोड्या पाण्याच्या नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी पुन्हा त्याच नदीत, बऱ्याचदा त्याच ओढ्यात चढतो. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. पहिल्या पावसात ओहोळ वाहायला लागले की मासे अंडी घालायला वर सरकतात, ती वलगण, ते चढणीचे मासे. सॅमनची चढण त्याच प्रकारची. फक्त तिची लांबी शेकडो किलोमीटर असते आणि वाटेत धरणं असतात.

हा लेख उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांबद्दल आहे. तिथे चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक असे पाच सॅमन आहेत. सोबत त्यांचा भाऊबंद स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. पाचही सॅमन एकदाच वितात आणि मरतात. स्टीलहेड कधीकधी वाचून समुद्रात परततो आणि पुन्हा चढतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यंदा इतकी लाख पिल्लं सोडली, हा आकडा वर्तमानपत्राला आवडतो, पण त्यावरून नदीबद्दल फारसं काही कळत नाही. खडी मोकळी आहे का, पाणी थंड आहे का, वाट उघडी आहे का, हे आधी विचारावं. मासा किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात खडीपासून करू. मादी जागा निवडते ती डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी उथळ होत जातं आणि खळाळ सुरू व्हायच्या बेतात असतो. तिथे पाण्याचा थोडा भाग खाली खडीत शिरतो आणि पुढे पुन्हा वर येतो. अंड्यांना प्राणवायू मिळतो तो या आतल्या वाहण्यातून. मादी कुशीवर वळते आणि शेपटीचे जोरदार फटके मारते. शेपटी दगडाला क्वचितच लागते. फटक्याच्या ओढीने दगड उचलले जातात, प्रवाह त्यांना हातभर खाली नेऊन टाकतो आणि गाळ त्याहून लांब वाहून जातो. म्हणजे खड्डा खणता खणता ती खडी धुऊनही घेते. अंडी पडली आणि नराने ती फळवली की ती खड्ड्याच्या लगेच वरच्या अंगाला नवे फटके मारते. त्या दगडांनी आधीची अंडी झाकली जातात आणि पुढचा खड्डाही तयार होतो. असे कप्प्यामागून कप्पे. काम संपतं तेव्हा वरच्या बाजूला खळगा आणि खालच्या बाजूला उंचवटा उरतो. दगड उलटलेले, शेवाळ निघालेलं, म्हणून आजूबाजूपेक्षा उजळ दिसणारा लांबट पट्टा.

दगड साधारण १.३ ते १० सेंटिमीटरचे लागतात, म्हणजे सुपारीहून लहान ते मोसंब्याएवढे. ठोकळ नियम असा की खडीचा मधला आकार माशाच्या लांबीच्या दहाव्या भागापर्यंत असेल तर मासा ती हलवू शकतो. ८० सेंटिमीटरचा चिनूक ८ सेंटिमीटरची खडी उलटतो, ३० सेंटिमीटरच्या ट्राउटच्या ती आवाक्याबाहेरची असते. चिनूकची एक मादी चार-पाच हजार अंडी घालते. अंडं वाटाण्याएवढं, आणि ते वीतभर ते हातभर खोल पुरलेलं असतं.

पुढचा हिशोब उन्हाचा आणि पाण्याचा. रोजचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये बेरजेला घेत जायचं. बेरीज ५०० च्या आसपास आली की अंडी फुटतात आणि १,००० च्या आसपास पिल्लू पोटाला चिकटलेली अन्नाची पिशवी संपवून खडीतून वर येतं. ५ अंशांच्या पाण्यात म्हणजे फुटायला १०० दिवस आणि वर यायला २००. तेच पाणी १० अंशांचं असेल तर निम्मे दिवस. प्रत्यक्षात हा आकडा जातीनुसार आणि थंडीनुसार थोडा सरकतो, पण अंदाजाला पुरतो. हिवाळा दोन अंशांनी उबदार गेला तर पिल्लं काही आठवडे आधी वर येतात. तेव्हा नदीत पूर असतो आणि खायला काही नसतं. अंडी गरमीने मेली नाहीत तरी नुकसान होतं ते असं.

खडीत बिघाड होतो तो बारीक गाळाने. ०.८५ मिलिमीटरहून बारीक कण वजनाने १० टक्क्यांच्या आसपास असतील तर निभतं. २० टक्क्यांकडे गेले की खडीतलं पाणी थांबायला लागतं आणि अंडी गुदमरतात. त्याहून जाड, एक ते सहा मिलिमीटरची वाळू वेगळाच त्रास देते. ती वरच्या थरात झाकणासारखी बसते. खाली अंडी व्यवस्थित फुटतात, पण पिल्लांना वर यायला फटच उरत नाही. वरून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी छान खडी दिसते, म्हणून मोजावंच लागतं. पोलादी नळकांडं पात्रात दाबायचं, आतली खडी हाताने उकरून पाण्यासकट बाहेर काढायची आणि चाळण्यांच्या उतरंडीतून गाळून प्रत्येक थर मोजायचा. गढूळ पाणी फेकून दिलं की सगळ्यात महत्त्वाचा थर गेला. नवखे लोक ही चूक हमखास करतात.

हा गाळ येतो कुठून? पुष्कळदा जंगलातल्या लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यांवरून. रस्त्याच्या कडेचं गटार थेट ओढ्यात सोडलेलं असतं आणि प्रत्येक पावसात ट्रकच्या चाकांनी दळलेली माती खाली येते. उपाय साधा आहे आणि फोटोत दिसत नाही. गटाराचं पाणी ओढ्याला पोचण्याआधी ठिकठिकाणी आडव्या नळाने जंगलाच्या जमिनीवर सोडून द्यायचं. पालापाचोळ्यात ते जिरतं आणि गाळ तिथेच बसतो. नको असलेला रस्ता असेल तर त्याच्या मोऱ्या काढून भराव मागे ओढायचा. याच्या उलट दुखणं धरणाखाली असतं. वरून खडी येणंच बंद होतं, आहे ती पूर वाहून नेतो आणि पात्रात डोक्याएवढे धोंडे उरतात. तिथे खडी आणून टाकावी लागते. ती नदीची गोल, धुतलेली हवी. क्रशरची टोकदार खडी एकमेकांत अडकून घट्ट बसते आणि माशाला हलत नाही.

खडी चांगली, गाळ नाही, तरीही अंडी जाऊ शकतात, पाणी उतरलं तर. जलविद्युत केंद्र विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडतं. दिवसा पाणी चढलेलं असताना मासा काठाकडच्या उंच खडीत वितो, आणि रात्री पाणी उतरलं की खड्डे उघडे पडतात. कोलंबिया नदीच्या हॅनफर्ड पट्ट्यात यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. चिनूक मुख्यतः दिवसाउजेडी वितो. म्हणून शरद ऋतूत नेहमीचा क्रम उलटा केला. दिवसा पाणी कमी, रात्री जास्त. मासा आपोआप पात्राच्या खोलगट भागात वितो. मग विणीनंतर पिल्लं वर येईपर्यंत पाण्याची किमान पातळी राखायची. १९८८ च्या व्हर्निटा बार कराराने हे पक्कं झालं. एक वीटही न रचता, फक्त वेळापत्रक बदलून झालेलं काम!

आता तापमान. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००३ मध्ये वायव्येकडच्या राज्यांसाठी मार्गदर्शक आकडे दिले. वीण आणि अंड्यांसाठी १३ अंश, पिल्लांच्या मुख्य वाढीच्या जागी १६, वाढ आणि येण्याजाण्याच्या मिश्र पट्ट्यात १८, नुसत्या चढणीच्या वाटेवर २०. हे सगळे सात दिवसांच्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी काढून. एका दुपारचा आकडा बघून कोणी घाबरू नये आणि एका सकाळचा बघून खूशही होऊ नये. मोजायला नाणेपेटीएवढे नोंदयंत्र पुरतात. अर्ध्या तासाला एक नोंद, उन्हाळाभर. ते पांढऱ्या प्लास्टिक नळाच्या भोकं पाडलेल्या तुकड्यात बसवायचे, नाहीतर उथळ पाण्यात सूर्य थेट यंत्रालाच तापवतो. थांबलेल्या डबक्यात ठेवायचे नाहीत, वाहत्या आणि मिसळलेल्या पाण्यात ठेवायचे. हंगामाआधी आणि नंतर वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते तपासायचं.

तापमान हुकलं की काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत दिसलं. तिथे चिनूकची एक शाखा हिवाळ्यात चढते आणि भर उन्हाळ्यात विते असा तिचा जन्मजात क्रम. पूर्वी ती डोंगरातल्या झऱ्यांच्या गार पाण्यापर्यंत जायची. शास्ता धरणाने ती वाट १९४० च्या दशकात बंद केली. आता ती धरणाखालच्या सखल, तापणाऱ्या पट्ट्यात विते आणि जलाशयाच्या तळातून सोडलेल्या गार पाण्यावर जगते. हव्या त्या खोलीवरचं पाणी काढता यावं म्हणून १९९७ मध्ये धरणाला खास बांधकामही जोडलं. पण २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात तळाचं गार पाणीच संपलं, आणि शंभर अंड्यांमागे जेमतेम पाचेक पिल्लं जगली. जलाशयात पाणी होतं, ते गार नव्हतं. धरणाच्या साठ्याचा टक्का मोजताना हा फरक कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता माझ्या आवडीचा विषय: मोरी. धरणाचे फोटो येतात, मोरीचे येत नाहीत. पण वॉशिंग्टन राज्यात रस्त्याखालच्या नळमोऱ्यांनी जितक्या ओढ्यांची वाट अडवली, ते पाहता मोरी ही दुय्यम गोष्ट नाही. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की १८५० च्या दशकातल्या तहांप्रमाणे तिथल्या आदिवासी राष्ट्रांना पकडीयोग्य माशाचा निम्मा वाटा मिळाला पाहिजे. पुढे २००१ मध्ये या राष्ट्रांनी मुद्दा मांडला की मासाच येत नसेल तर निम्म्याचं काय करायचं, आणि सरकारी मोऱ्या मासा येऊ देत नाहीत. २०१३ मध्ये मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार पडली आणि तो आदेश कायम राहिला. अडलेल्या अधिवासापैकी ९० टक्के २०३० पर्यंत मोकळा करायचा, असं ते बंधन आहे.

मोरी अडते कशी? पहिलं, तोंड लटकतं. अरुंद नळातून पाणी जोरात बाहेर पडतं, खालचं पात्र खणत जातं आणि काही वर्षांत नळाचं तोंड हवेत राहतं. राज्याच्या प्राथमिक तपासणीत ०.२४ मीटरहून जास्त उडी असली की मोरी अडथळा म्हणून नोंदली जाते. उडी मारणारा मासा आपण चित्रात पाहतो तो मोठा असतो. बोटुकलीएवढ्या कोहोलाही हिवाळ्यात पुरापासून वाचायला बाजूच्या ओहोळात वर जावं लागतं, आणि त्याला एक वीत म्हणजे भिंत. दुसरं, वेग. गुळगुळीत नळात विसाव्याला दगड नसतो. तिसरं, खोली. रुंद सिमेंटच्या तळावर पाणी पापुद्र्यासारखं पसरतं आणि मासा पोटावर घसरत राहतो. उतार एक टक्क्याहून जास्त असेल तर बहुधा तिन्ही दुखणी एकदम येतात.

नळात आडव्या पट्ट्या बसवून वेग कमी करायचा, हा जुना स्वस्त उपाय. पट्ट्यांत फांद्या अडकतात, पहिल्या मोठ्या पुरात मोरी तुंबते आणि रस्ता वाहून जातो. आज चांगलं काम म्हणजे ओढा जसा आहे तसाच रस्त्याखालून नेणं. सूत्र सोपं आहे. काठोकाठ भरलेल्या ओढ्याची रुंदी मोजा, तिला १.२ ने गुणा आणि त्यात ०.६ मीटर मिळवा. ओढा ३ मीटरचा असेल तर मोरी ४.२ मीटरची. तळ नळाच्या उंचीच्या ३० ते ५० टक्के खाली गाडायचा आणि त्यावर ओढ्याचीच खडी आणि धोंडे भरायचे. आतला उतार वरच्या ओढ्याच्या उताराच्या सव्वापटीहून जास्त नको. रुंदी मोजताना मोरीपासून लांब जायचं. मोरीलगतचा ओढा मोरीनेच बिघडवलेला असतो, आणि तिथली रुंदी धरली तर नवी मोरीही चुकीची बसते.

काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना. वर आणि खाली वाळूच्या गोण्यांचे बांध घालून मधला ओढा पंपाने वळवतात. त्याआधी मधल्या पाण्यातले मासे जाळ्याने आणि विजेच्या सौम्य झटक्याने बाहेर काढून वर सोडतात. पंपाच्या तोंडाला जाळी हवी, भोक सुमारे २.४ मिलिमीटरहून मोठं नको, नाहीतर पंपच पिल्लं गिळतो. लोक विसरतात ती गोष्ट पुढे आहे. जुनी अरुंद मोरी वरच्या अंगाला गाळ अडवून एक पायरी धरून बसलेली असते. ती काढली की पायरी ढासळत वर सरकते आणि शे-दोनशे मीटरपर्यंत ओढा खणला जातो. म्हणून आधी लांबीचा छेद मोजायचा आणि लागेल तिथे ओंडके, धोंडे घालून पात्र धरायचं. दुसरी चूक क्रमाची. खालची मोरी तशीच ठेवून वरची नवी केली तर कागदावर काम होतं, मासा येत नाही. एकाच ओढ्यावर एक मोरी राज्याची, दुसरी काउंटीची, तिसरी कोणा शेतकऱ्याची असते, म्हणून हा घोळ तिथे खरोखर होतो.

धरणांचं थोडक्यात. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर दोन होती, १९१३ आणि १९२७ ची, खालचं तर समुद्रापासून जेमतेम ८ किलोमीटरवर. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही टप्प्याटप्प्याने उतरवली. थोडं कापायचं, थांबायचं, गाळ जाऊ द्यायचा. मासा चढायच्या हंगामात काम बंद. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार उतरली ती वेगळ्या पद्धतीने. तिथे २००२ च्या सप्टेंबरमध्ये कोमट, उतरलेल्या पाण्यात दाटीवाटीने अडकलेल्या माशांच्या कल्ल्यांवर परजीवी आणि जिवाणू बसले आणि किमान ३४,००० सॅमन मेले. युरोक, कारुक आणि इतर नदीकाठच्या राष्ट्रांनी त्यानंतर लढा सोडला नाही. सर्वांत लहान धरण २०२३ मध्ये गेलं. उरलेल्या तिन्हींचे जलाशय २०२४ च्या जानेवारीत एकदम रिकामे केले. जानेवारी यासाठी की तेव्हा मुख्य पात्रात मासा कमी असतो, आणि गाळाचा मोठा लोंढा एकाच हिवाळ्यात निघून जातो. दरवर्षी थोडाथोडा सोडला असता तर प्रत्येक पिढीची अंडी गुदमरली असती. उघड्या पडलेल्या तळावर स्थानिक गवत-झाडांचं बी आधीच गोळा करून ठेवलं होतं. चिखल ओला असतानाच ते पेरलं, वाळून कवच बसल्यावर उगवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये काम संपलं आणि त्याच महिन्यात चिनूक ओरेगॉनमधल्या वरच्या उपनदीत दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदाच.

मधे एक चूकही झाली आणि ती सांगितली पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी हॅचरीतली, म्हणजे अंडी उबवून टाकीत पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रातली सुमारे ८,३०,००० चिनूक पिल्लं वरच्या उपनदीत सोडली. ती खाली जाताना अजून उभ्या असलेल्या धरणाच्या बोगद्यातून गेली. तिथे दाबात इतका फरक होता की रक्तात वायूचे बुडबुडे झाले आणि ढीगभर पिल्लं मेली. पाणी गार होतं, प्राणवायूही पुरेसा होता. वाट तपासायची राहिली.

यावरून हॅचरीवर येऊ. पॅसिफिक सॅमनची पहिली हॅचरी १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर निघाली, म्हणजे धरण बांधा, हॅचरी काढा, झालं, या विचाराला दीडशे वर्षं झाली. हॅचरीत अंडी जवळजवळ सगळी जगतात, आणि दुखणं तिथेच आहे. जोडीदार कोण हे माणूस ठरवतो. खाणं वरून पडतं, सावली दिसली की पिल्लू पळायच्या ऐवजी वर येतं. टाकीत जगायला जे गुण लागतात ते एका पिढीत वर येतात. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाकीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत पिल्लं वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. असा मासा रानटी माशाशी जुळला की ती घट पुढे जाते.

म्हणून हॅचरीच्या पिलांचा पाठीवरचा छोटा, मांसल पर कापतात. कोळ्याला लगेच कळतं, पर नसेल तर ठेव, असेल तर सोड. काहींच्या नाकाच्या कुर्चेत १.१ मिलिमीटर लांबीची तारही टोचतात, तिच्यावर कोरलेल्या आकड्यावरून हॅचरी आणि साल कळतं. मग विणीच्या खडीवर हॅचरीचे मासे किती, हे मोजायचं. रानटी वंश महत्त्वाचा असेल आणि हॅचरीचा वंश वेगळा ठेवलेला असेल, तर हे प्रमाण ५ टक्क्यांखाली ठेवावं अशी शास्त्रज्ञांच्या पुनरावलोकन गटाची शिफारस आहे. मोंटाना राज्याने तर १९७४ मध्ये रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं, कारण सोडलेला मासा नदीतल्या माशाला जागा सोडायला लावत होता. कोळी चिडले, आणि काही वर्षांत नदीत मासा वाढला.

तरी हॅचरी सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. आयडाहोच्या रेडफिश सरोवरात १९९२ मध्ये समुद्रातून एकच सॉकाय परतला, एक नर. लोकांनी त्याला ‘लोनसम लॅरी’ म्हटलं. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून १६ परतले. ते सोळा पकडून बंदिस्त जागेत वंश राखला नसता, तर समुद्रापासून साधारण १,४५० किलोमीटर आणि सुमारे २,००० मीटर उंची चढणारा तो वंश आज नसता. वंश संपत आला असेल तर टाकीत राखावा. ओढा तुंबलाय म्हणून टाकी चालवत राहणं ही मात्र पळवाट आहे.

शहरातल्या ओढ्यांचं कोडं अलीकडे सुटलं. सिअ‍ॅटलच्या आसपास कोहो चढून यायचा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काही तासांत मरायचा. तोंड वासून पृष्ठभागावर, गोल फिरत, तोल जाऊन. मेलेल्या मादीचं पोट कापलं तर गाभोळी तशीच भरलेली. काही ओढ्यांत हे प्रमाण ४० ते ९० टक्के होतं. डिसेंबर २०२० मध्ये कारण सापडलं. टायरच्या रबरात ते तडकू नये म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं आणि रस्त्यावरच्या झिजलेल्या रबरातून पावसाबरोबर ओढ्यात येतं. लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहूनही कमी असलं तरी निम्मे कोहो मरतात. त्याच पाण्यात चम मात्र जिवंत राहतो. उपाय मात्र कारण सापडायच्या आधीच माहीत होता. ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट यांच्या दोन फूट जाड थरातून ते पाणी झिरपवलं, तर त्यात कोहो तगतो. म्हणून रस्त्याच्या कडेचे पाणी मुरवणारे वाफे हे तिथे शोभेचं काम नाही. वाफ्याचं तोंड पानांनी तुंबलं की पाणी शेजारून थेट गटारात जातं. दर पानगळीत एक खराटा लागतो.

ओंडक्यांची गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. १९६० आणि ७० च्या दशकात खुद्द मत्स्य खात्यांनीच ओढ्यांतले पडलेले वृक्ष वाट अडवतात म्हणून उपसून काढले. कोहोची पिल्लं वर्षभर ओढ्यात राहतात, त्यांना ओंडक्यामागचा डोह आणि सावली लागते. आता तेच ओंडके मुळांच्या गड्ड्यासकट क्रेनने परत आणून बसवतात, हजारो डॉलर खर्चून. स्वस्त मार्ग बीव्हरचा, म्हणजे फांद्या कुरतडून ओढ्यात बांध घालणाऱ्या प्राण्याचा. ओरेगॉनच्या ब्रिज क्रीकमध्ये पात्र खोल खणलं गेलं होतं. तिथे ओढ्यात आडवे खांब अर्धा-पाऊण मीटर अंतराने ठोकले आणि त्यांत वाळुंजाच्या फांद्या विणल्या. हा बांध मुद्दाम गळका ठेवतात. घट्ट केला तर पाणी कडेने वळसा घालून काठ कापतं. खांब रसायन न लावलेले हवेत, उंची काठाच्या पातळीपर्यंतच. बीव्हरांनी पुढचं काम आपलंसं केलं, पाणी पसरलं, आणि स्टीलहेडच्या पिलांचं जगण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी वाढलं. मासा बांधांवरून सहज गेला. माणसांनाच शंका होती.

मासा मोजायचा कसा, हे अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराकडून शिकावं. तिथल्या नद्यांवर काठाला उंच मनोरा उभारतात आणि त्यावरून माणूस दर तासाला दहा मिनिटं चढणारे सॉकाय मोजतो, मग समोरच्या काठावर जाऊन दहा मिनिटं. सहाने गुणलं की तासाचा आकडा. पाण्याखाली फिकट पट्टे अंथरतात, म्हणजे मासा उठून दिसतो. विणीला किती मासे वर गेले पाहिजेत हे नदीनिहाय ठरलेलं असतं, आणि त्या आकड्याकडे बघून जाळी टाकायला कधी मुभा द्यायची ते ठरवतात. कोटा आधी, उरलं ते नदीला, असा उलटा हिशोब तिथे नाही. २०२२ मध्ये तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय आले. हॅचरी नाही, धरण नाही, आणि एका नदीचं वर्ष वाईट गेलं तर दुसरीचं चांगलं जातं.

सिअ‍ॅटलकडे बरीच मराठी मंडळी आहेत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुलांना सॅमन दाखवायला जाणं तिथे होतंच. बॅलर्डच्या जलपाशाजवळची (बोटी वर-खाली करणाऱ्या दरवाजांजवळची) काचेची खिडकी किंवा इसाक्वाची हॅचरी सोपी. नुसता ओढा बघायचा असेल तर पायपर्स क्रीकमध्ये नोव्हेंबरात चम वितो. काठावरूनच बघा, ध्रुवीकरण केलेला चष्मा असेल तर पाण्याची चकाकी जाते आणि वर सांगितलेला उजळ पट्टा दिसतो. त्यावर किंवा त्याच्या खालच्या उंचवट्यावर पाय द्यायचा नाही. अंडी खळग्यात नसतात, उंचवट्याखाली असतात. मोठा मासा निघून गेल्यावर मार्चपर्यंतही ती तिथेच असतात. मेलेला मासा ओढ्यात तसाच राहू द्या, त्याचं खत कीटकांना आणि काठच्या झाडांना जातं. गाडी धुवायची तर हिरवळीवर किंवा धुलाई केंद्रात, उतारावर धुतलेलं पाणी बहुतेक ठिकाणी सरळ ओढ्यात जातं. आणि कुत्रा सोबत असेल तर पट्टा सोडू नका. त्या भागातल्या कच्च्या सॅमनमध्ये एक चपटा जंत असतो आणि जंतात एक जिवाणू. माणसाला तो जिवाणू काही करत नाही, पण कुत्र्याने मेलेला मासा चघळला तर आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि उपचार नाही मिळाला तर बहुतेक कुत्री दगावतात. औषध आहे. डॉक्टरांना ‘याने सॅमन खाल्ला असावा’ एवढं पहिल्याच वाक्यात सांगायचं.